अर्थशास्त्र घेऊन काय करणार?

परभणी

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

लेक बी.ए.ला अर्थशास्त्र घ्यायचं म्हणते आणि त्यावरून तुमच्या घरी कुरबुर चालू आहे, हे वहिनींकडून कळलं. "ते घेऊन काय करणार?" हा तुझा सवाल. मी हाच विषय शिकवून संसार केला, त्यामुळं माझं बोलणं तुला एकतर्फी वाटणार. म्हणून स्वतःचं काही सांगत नाही, डॉ. मनमोहनसिंगांचं सांगतो.

१९३२ चा जन्म. गाव गाह, आता पाकिस्तानात. गावात वीज नव्हती, अभ्यास कंदिलाच्या उजेडात. आई लहानपणीच गेली, आजीनं वाढवलं. फाळणीत घरदार मागं टाकून इकडं आले. पुढं शिष्यवृत्त्यांच्या बळावर केंब्रिज आणि मग ऑक्सफर्ड. तिथला त्यांचा प्रबंध भारताच्या निर्यातीवर होता. १९९१ मध्ये देशाला आयातीचे पैसे भागवणं मुश्कील झालं, आणि त्याच देशाच्या निर्यातीचं दुखणं या माणसानं सुमारे तीस वर्षं आधी तपासून ठेवलं होतं! मधल्या काळात सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष अशी पदं झाली.

नरसिंह रावांनी त्यांना अर्थमंत्री केलं तेव्हा तिजोरीत परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं होतं. पेरणीच्या तोंडावर बायकोच्या पाटल्या गहाण ठेवणारं घर आपल्याकडं कुणाला नवं नाही. त्या जुलैत देशानंच सुमारे ४७ टन सोनं तारण म्हणून परदेशी धाडलं. १ आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं, म्हणजे परकीय चलनापुढं रुपयाची किंमत सरकारनंच कमी केली. २४ जुलैला अर्थसंकल्प आला आणि त्याच दिवशी बहुतेक उद्योगांची परवान्यांतून सुटका झाली. खताचे भाव मात्र एकदम ४० टक्के वाढवले. ओरड झाली तेव्हा वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि लहान शेतकऱ्यांना वगळलं. आपल्याकडं पारावर तेव्हा सरकारला काय काय ऐकवलं जायचं, ते तुला आठवत असेल. लोकांचा राग खराच होता. पण त्या वर्षी हातावर हात ठेवून बसणं देशाला परवडणारं नव्हतं, हे मी आजही वर्गात ठासून सांगतो.

लोकसभा ते एकदाच लढले, १९९९ ला दक्षिण दिल्लीतून, आणि पडले. राज्यसभेवर आसाममधून गेले. सोनिया गांधींनी पंतप्रधानपद नाकारलं आणि २२ मे २००४ ला ते त्या खुर्चीवर बसले, ते सलग दहा वर्षं.

त्यातली एक गोष्ट थेट आपल्या घरातली आहे. बाहत्तरच्या दुष्काळात तुझी आई आणि माझी आई एकाच पाझर तलावावर माती टाकायला जायच्या. कामावर खायला मिळालेली कोरडी सुकडी पदराच्या गाठीत बांधून आणायच्या, आणि ती गाठ सुटायच्या आत आपण दोघं सदऱ्याचा ओटा पसरून बसलेलो असायचो. त्या कामांतून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ती कल्पना, आणि पैसा शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून. २००५ मध्ये मनमोहनसिंगांच्या सरकारनं देशभरासाठी कायदा केला, ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस काम. श्रेय त्यांचं एकट्याचं नाही. सोनिया गांधींच्या राष्ट्रीय सल्लागार परिषदेचा आणि डाव्यांचा रेटा मोठा होता. तरी बाजार खुला करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाच्याच सरकारनं राबणाऱ्याला कामाचा हक्क कायद्यात लिहून दिला, याचं मला मोल वाटतं.

सगळंच गोड नाही. २००६ मध्ये ते विदर्भात आले, शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं. मराठवाड्याचा एकही जिल्हा त्यात नव्हता. आपले शेतकरी काय कमी खचले होते? २००८ च्या कर्जमाफीतही पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच. वरच्यांना आधी उरलेली रक्कम भरा, मग सूट. आपल्या कोरडवाहू रानात पाच एकरांच्या वर जमीन म्हणजे काय श्रीमंती रे? दिल्लीत कागदावर रेघ ओढणाऱ्यांना हे कळायला हवं होतं. दुसऱ्या कारकिर्दीत कोळसा खाणींच्या आणि स्पेक्ट्रमच्या, म्हणजे मोबाईल लहरींच्या, वाटपात घोटाळ्याचे आरोप झाले आणि ते गप्प राहिले, तेही मला पटलं नाही. २६ डिसेंबर २०२४ ला ते गेले तेव्हा मात्र आपलं वडीलधारं माणूस गेल्यासारखं वाटलं.

पोरगी पंतप्रधान होईल असं मी म्हणत नाही. पण दोन हेक्टरची ती रेघ कुठं ओढायची हे जिथं ठरतं, त्या टेबलापाशी आपल्या जिरायती भागातलं कुणीतरी बसायला पाहिजे, आणि तिथं पोचायला हाच विषय लागतो. फक्त तिला गणित सोडू देऊ नको, एम.ए.ला गणित आणि संख्याशास्त्राशिवाय पान हलत नाही. अर्ज भरायच्या आधी तिला दोन दिवस इकडं पाठव, माझ्याकडची पुस्तकं बघू दे. तिला जे विचारायचं ते तिनंच विचारावं, तू मध्ये पडू नको.

वहिनींना नमस्कार. तुरीचं काय झालं ते कळव.

तुझाच,
बाळू