अपडेटआधी बॅकअपची तारीख पाहा

महोदय,

मोबाइलची ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट करताना सहसा डेटा जात नाही. पण इन्स्टॉल मध्येच फसले, तर फोन लोगोवरच अडकू शकतो. मग फॅक्टरी रीसेट, म्हणजे पाटी कोरी. म्हणून आधी बॅकअप, म्हणजे डेटाची दुसरी प्रत, हवा. त्यासाठी गुगल खात्यात 15 जीबी जागा मोफत, आयक्लाउडमध्ये (आयफोनची ऑनलाइन साठवण) जेमतेम 5. ही जागा भरली की बॅकअप थांबतो आणि आपल्याला पत्ताही नसतो; म्हणून शेवटच्या बॅकअपची तारीख पाहावी. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. फोटो संगणकावर उतरवून दोन-चार उघडून बघावेत. बॅटरी निम्म्याहून अधिक आणि काही जीबी जागा मोकळी हवी. पावसाळ्यात वीज गेली (पुणेकरांना काय सांगायचे!) आणि डाउनलोड तुटले तर बिघडत नाही, इन्स्टॉल होताना मात्र फोन बंद करू नये.

– एक वाचक, कोथरूड, पुणे