जर्मन क्रियापदांची यादी स्वरांनुसार लावा

महोदय,

महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. जर्मन आता नुसती हौसेची भाषा राहिलेली नाही. आपल्याकडे ती बहुतेक इंग्रजीच्या आधाराने शिकली जाते आणि गाडी अडते ती भूतकाळापाशी. पुस्तकाच्या शेवटी अनियमित क्रियापदांची वर्णानुक्रमे यादी असते. ती घोकायला लावणं म्हणजे वेळ वाया घालवणं. वर्गात तीच यादी स्वरांनुसार पुन्हा लावून घ्यावी.

मूळ क्रियापदात 'इंग', 'इंक', 'इंड' असेल तर कृदंतात (भूतकाळासाठी सहायक क्रियापदाबरोबर येणाऱ्या रूपात) बहुधा 'उ' येतो: झिंगेन–गेझुंगेन, ट्रिंकेन–गेट्रुंकेन, फिंडेन–गेफुंडेन. इंग्रजी सिंग–सँग–संग मधलं तिसरं रूप आठवावं. दुसऱ्यावर गेलात की चुकलात. 'इ'पुढे 'एम' किंवा 'एन' दोनदा लिहिलेलं असेल तर मात्र 'ओ': श्विमेन–गेश्वोमेन, गेविनेन–गेवोनेन. ब्रिंगेन दिसायला पहिल्या घरातलं, पण त्याचं होतं गेब्राख्ट. इंग्रजी 'ब्रॉट' आणि 'थॉट'च्या स्पेलिंगमध्ये जे मुकं 'जीएच' उरलंय, ते जर्मनमध्ये अजून 'ख' होऊन बोलतं: गेब्राख्ट, गेडाख्ट (मूळ डेंकेन, विचार करणे). हे एकदा कानात बसलं की विसरत नाही.

इंग्रजी दगा देते ती 'हेल्प', 'वॉश', 'बेक' अशा साध्यासरळ क्रियापदांत: गेहोल्फेन, गेवाशेन, गेबाकेन. उलट 'से', 'मेक', 'हिअर' ही तिकडे सरळ आहेत: गेझाग्ट, गेमाख्ट, गेह्योर्ट. 'बे', 'एर', 'फेर' हे उपसर्ग असले की 'गे' लागतच नाही: बेगिनेन–बेगोनेन.

कृदंताबरोबर सहायक क्रियापद 'हाबेन' (इंग्रजी 'हॅव') घ्यायचं की 'झाइन' (इंग्रजी 'बी'), इथे आजची इंग्रजी काही कामाची नाही, मराठी आहे. 'त्याने पत्र लिहिलं' यातल्या 'ने'ला हाबेन, 'ती आली'ला झाइन. पण हा नुसता पहिला अंदाज. खरी कसोटी जागा किंवा अवस्था बदलण्याची. 'तो झोपला' म्हणजे झोप लागली असेल तर आइनश्लाफेन आणि झाइन; झोपून होता असेल तर श्लाफेन आणि हाबेन. 'त्याने उडी मारली' मध्ये 'ने' येतो तो 'मारणे'मुळे. जर्मनमध्ये तिथे झाइनच. म्हणून वहीत नुसतं कृदंत लिहू नये, सहायकासकट लिहावं: इस्ट गेश्प्रुंगेन ('इस्ट' हे झाइनचं रूप, मूळ क्रियापद श्प्रिंगेन, उडी मारणे).

— एक जर्मन शिक्षक, पुणे