तारे दिशा देतात, ठिकाण नाही

मा. संपादक,

अंतराळ मोहिमांवर लिहिताना पॉलिनेशियन (प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या) दर्यावर्दींचा दाखला हमखास येतो: ते तारे पाहून आपण कुठे आहोत हे ओळखत, यानेही तेच करतात. दोघांच्याही बाबतीत हे अर्धेच खरे आहे.

१९७६ मध्ये मौ पियाइलुग यांनी 'होकुलेआ' ही जोडनौका उपकरणांविना हवाईहून ताहितीला नेली. (ते मायक्रोनेशियातल्या सातावल बेटाचे; हवाईत ही विद्या तोवर लोपली होती.) पुढे हवाईचे नाविक नैनोआ थॉम्पसन यांनी बसवलेल्या, मनातच ठेवायच्या तारा-होकायंत्रात क्षितिजाची ३२ घरे आहेत, प्रत्येकी सव्वाअकरा अंशांची. तारा क्षितिजालगत असेपर्यंतच कामाचा. वर चढला की त्याच घरात उगवणारा पुढचा धरायचा. ही झाली दिशा. अक्षांशासाठी त्रिशंकू हा तारकासमूह दक्षिणेला उभा राहण्याची वाट पाहावी लागते. त्याच्या वरच्या-खालच्या ताऱ्यांत सुमारे सहा अंशांचे अंतर आहे. खालचा तारा क्षितिजापासून तेवढाच वर दिसला की नौका हवाईच्या अक्षांशावर आली. नजर एका अंशाने चुकली तर १११ किलोमीटरचा फरक!

रेखांश मात्र घड्याळाशिवाय ताऱ्यांतून निघत नाही. वेग, दिशा आणि प्रवाहाने वाहून जाणे यांचा हिशेब नाविक डोक्यात ठेवतो. तो थोडाफार चुकणारच. म्हणून ताहितीहून परतताना बेटाचा थेट नेम धरत नाहीत. मुद्दाम पूर्वेला राहून अक्षांश गाठायचा, मग वारा पाठीशी घेऊन पश्चिमेला वळायचे. बेटाच्या पश्चिमेला गेलात, तर वाऱ्याविरुद्ध झगडत परतावे लागते.

यानाचा तारा-संवेदकही यानाचे तोंड कुठे आहे एवढेच सांगतो. अंतर आणि वेग मुख्यतः पृथ्वीवरून मोजतात: रेडिओ संदेशाला जायला-यायला लागलेला वेळ आणि त्याच्या वारंवारतेतला बदल यांवरून. १९६४ मध्ये मंगळाकडे निघालेल्या मरिनर ४ यानाने दिशेसाठी सूर्याच्या जोडीला अगस्त्य तारा धरला, कारण तो तेजस्वी आहे आणि सूर्याच्या दिशेशी बराचसा काटकोनात पडतो. पण संवेदक आधी भलत्याच ताऱ्यांवर स्थिरावला आणि नंतर यानावरून सुटलेल्या, उन्हात चमकणाऱ्या धूलिकणांनीही त्याला चकवले.

तुलना करायचीच तर तारे दिसेनासे झाल्यावरची करावी. ढगाळ रात्री नाविक दूरवरून येणाऱ्या संथ लाटांचा कोन नौकेच्या हेलकाव्यावरून ताडतो. नासाच्या डीप स्पेस १ या यानाचा तारा-संवेदक नोव्हेंबर १९९९ मध्ये बंद पडला, तेव्हा अभियंत्यांनी नवी संगणकप्रणाली पाठवून वैज्ञानिक छायाचित्रांसाठीच्या कॅमेऱ्याला ते काम दिले. त्याच्या भरवशावर यान सप्टेंबर २००१ मध्ये बोरेली धूमकेतूजवळून गेले.

– एक वाचक