तोट्याचं काम घेता कशाला?

नवी मुंबई, ६ मार्च २०१६

ती. आई-बाबांस सा. न.,

बाबा, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "तुमची कंपनी अंगावर येणारं, तोट्याचं काम घेतेच कशाला?" तेव्हा बोलता आलं नाही, साहेब शेजारीच उभे होते.

जून २०१४मध्ये कच्चं तेल पिंपाला ११५ डॉलरच्या आसपास होतं, ते या जानेवारीत ३०च्याही खाली आलं. जगभर तेल कंपन्यांनी समुद्रातली कामं आवरती घेतली. त्यामुळे मुंबई हायला, म्हणजे मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, पाइपलाइनचं, प्लॅटफॉर्मचं काही निघालं की सगळे तुटून पडतात. टेंडरचं आधी टेक्निकल पाकीट उघडतं, मग भावाचं. सगळ्यात खाली असेल तो एल-वन, काम त्याचं. बार्ज, म्हणजे समुद्रात काम करायची आमची सपाट बोट, नुसती नांगरून ठेवली तरी पगार, विमा, बँकेचा हप्ता चुकत नाही. आपली नौका पावसाळ्यात शाकारून ठेवली तरी खलाशांना उचल द्यावी लागतेच ना! शिवाय अलीकडे असं काम केल्याचा दाखला नसेल, तर पुढच्या टेंडरला उभंच करत नाहीत. म्हणून नफा सोडून भाव भरला, तर मला त्यात काही गैर वाटत नाही.

पण तेवढ्यावर भागत नाही. मग साहेबांचं बोट खर्चाच्या तक्त्यातल्या 'हवामानाचे दिवस' या ओळीवर येतं. लाट चढली की क्रेन बंद आणि बार्ज उभी; त्या दिवसांचा खर्च तिथे धरलेला असतो. मी वीस दिवस धरले होते, त्याचे आठ झाले. एक्सेलमध्ये समुद्र लगेच शांत होतो! मे महिन्यातला वारा तुम्हाला मी काय सांगणार. पावसाच्या आधी काम उरकलं नाही, तर थेट ऑक्टोबर, वर उशिराचा दंड. मग सबकॉन्ट्रॅक्टरची बिलं अडकतात आणि त्याच्याकडच्या पोरांचे पगार थकतात. त्यात आपल्या हर्णै-दाभोळकडचीच पोरं जास्त.

म्हणून शेजारच्या काकींच्या धाकट्याला सांगा, यायचं तर ये, पण पगार कोण देणार आणि परतीचं भाडं कोणाकडे, हे कागदावर घेतल्याशिवाय बार्जवर चढू नकोस. सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, कोणाकडे ठेवायला देऊ नकोस. काकींना राग आला तरी चालेल.

आई, सुकट पोचली. शिमग्याला यायचं नक्की, पण पालखी आपल्या दारात येईल त्याच दिवशी रजा मिळेल का ते बघते. त्याच आठवड्यात आणखी एक टेंडर भरायचं आहे.

तुमची,
मनी