हेल्मेटची पावती आणि जर्मन ‘शिक्षा’

महोदय,

जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलांची भाषांतरं मी कोथरूडला घरबसल्या तपासून देते. मध्यंतरी शेजारच्या मुलाचे कागद आले. कर्वे रस्त्यावर हेल्मेट नाही म्हणून पावती फाटलेली, पैसेही लगेच भरलेले. त्याने ते अर्जात इमानदारीत लिहिलं (कशाला, देव जाणे) आणि एका एजन्सीने इंग्रजी ‘फाईन’चं जर्मन करून टाकलं ‘गेल्टश्ट्राफं’.

हा शब्द वाचून जर्मन अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोर्ट उभं राहतं. गेल्टश्ट्राफं ही न्यायालयाने ठोठावलेली, पैशांत भरायची फौजदारी शिक्षा. ती ठरते दिवसांत, म्हणजे दिवस गुणिले एका दिवसाचा दर: एका गुन्ह्याला किमान 5, जास्तीत जास्त 360. एका दिवसाचा दर माणसाच्या कमाईवरून, 1 युरोपासून 30,000 युरोपर्यंत. त्यामुळे विद्यार्थ्याला आणि कारखानदाराला दिवस तेवढेच मिळाले तरी भुर्दंड निरनिराळा. 1975 पासून ही पद्धत आहे. पैसे वसूल झाले नाहीत, तर तुरुंग.

रस्त्यावरच्या दंडाला तिथे ‘बूसगेल्ट’ म्हणतात. त्याहून किरकोळ, 5 ते 55 युरोंचं, ते ‘फरवार्नुंग्सगेल्ट’. हेल्मेट न घालता मोटारसायकल चालवली तर 15 युरो. त्याला कोणी शिक्षा म्हणत नाही.

‘आपल्या मोटार वाहन कायद्यात तो गुन्हाच आहे, एजन्सीचं काय चुकलं?’ असं एका वकील स्नेह्यांनी मला सुनावलं. कबूल. पण त्याच कायद्याच्या कलम 200 खाली तडजोडीची रक्कम भरली की खटला उभाच राहत नाही. मग ‘बूसगेल्ट’ लिहावं आणि खाली एक टीप द्यावी: रक्कम भरली, न्यायालयात प्रकरण नाही. ग्रंथालयाचा फाईनसुद्धा मी ‘गेल्टश्ट्राफं’ झालेला पाहिला आहे. पुस्तक उशिरा परत केलं म्हणून मुलगी थेट फौजदारीत!

पालकांना जर्मन येत नसेल तरी भाषांतरात ‘श्ट्राफं’ (strafe) हा तुकडा शोधता येतो. तो दिसला, तर पैसे कोणी घेतले, पोलिसाने, कॉलेजने की न्यायाधीशाने, हे भाषांतरकाराला विचारायला लावावं. शिक्का बसण्याआधी.

– एक निवृत्त जर्मन शिक्षिका, कोथरूड, पुणे