व्हिएन्नातल्या ताईंना, मनापासून

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे, पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमचे आभार चारचौघांत मानावेत असं फार वाटतं. शिवाय घरातल्या वयस्कर माणसाला घेऊन युरोपात जायचं मनात असलेल्या कुणाला तरी यातलं काही उपयोगी पडेल.

माझ्या मावसबहिणीची मैत्रीण, एवढीच आपली ओळख. मी पहिला फोन केला तेव्हा वाटलं होतं की तुम्ही किती दिवस, किती बजेट, काय काय बघायचं आहे, असं विचाराल. तुम्ही विचारलंत, "तुमच्या सासूबाई एका दमात किती पायऱ्या चढतात? अंडं चालतं का? दुपारी आडवं व्हायला लागतं का?" तोवर आमच्या घरात टूरवाल्यांची पत्रकं पडली होती. दहा-बारा दिवसांत सहा-सात देश आणि रोज पहाटे बॅगा खोलीबाहेर. ती बघून आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, "तुम्ही चौघं जाऊन या, मी घर सांभाळते" असं केव्हाच सांगून टाकलं होतं. तुमच्या त्या फोननंतर, रात्री पोळ्या लाटताना, त्या हळूच म्हणाल्या, "तिकडे जूनमध्ये स्वेटर लागतो का गं?" माझा जीव भांड्यात पडला. आई येणार होत्या.

एकच शहर आणि तेही व्हिएन्ना, हे ठरवलं तुम्हीच. आई भजनी मंडळात पेटी वाजवतात हे बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं आणि तुम्ही ते धरून ठेवलंत. मुलांच्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, पण यांना जुलैत रजा सोपी जाते, म्हणून आम्ही चार दिवस शाळा बुडवायच्या विचारात होतो. तुम्ही ठाम नकार दिलात. जुलै-ऑगस्टमध्ये तिथला स्टेट ऑपेरा बंद असतो, ऑगस्टमध्ये फिलहार्मोनिक या नावाजलेल्या वाद्यवृंदातले वादक साल्झबुर्गला असतात, आणि जुन्या इमारतींत एसी नसल्यामुळे कडक ऊन पडलं की घरात बसवत नाही. "मेच्या शेवटी या," म्हणालात, "7 जूनला शोनब्रुन राजवाड्याच्या बागेत फिलहार्मोनिक वाजवणार आहे, आणि त्याला तिकीट नाही." आमच्या सगळ्या तारखा 2024 मधल्या त्या एका संध्याकाळभोवती बसवल्या.

व्हिसाचं काम तुम्ही किती सोपं केलंत! शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मेच्या गर्दीत तारीख मिळत नाही, म्हणून जानेवारीतच कागद जमवा. प्रवास विम्याचं संरक्षण किमान 30,000 युरोंचं हवं. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, त्यामुळे धाकटीची काळजी नको. यांच्या ऑफिसचं रजेचं पत्र आणि मी लिहिलेलं कव्हरिंग लेटर तुम्ही वाचून, दुरुस्त करून परत पाठवलंत. तेही तुमच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असताना.

मग घर. मी पाठवलेल्या पहिल्या तीन-चार जागा तुम्ही एका ओळीत नाकारल्यात: "लिफ्ट नाही." त्यातली एक तर पहिल्या मजल्यावरची होती. तेव्हा तुम्ही समजावलंत की तिथल्या जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर आधी 'होखपार्टेर', मग 'मेझानिन' असे मजले असू शकतात, आणि मोजणी त्यानंतर सुरू होते. पहिला मजला म्हणजे प्रत्यक्षात तीन जिने. शेवटी तुम्ही यू-4 या मेट्रोच्या मार्गावर, शोनब्रुनच्या अलीकडे घर घ्यायला लावलंत. मध्यवर्ती भागापेक्षा स्वस्त, स्वयंपाकघर असलेलं, आणि दारातून स्टेशनपर्यंत एकही चढ नाही. दुपारी आईंना घरी आणून तासभर पडू देता आलं, त्यामुळे संध्याकाळी त्या आमच्याबरोबर पुन्हा बाहेर पडायच्या. जूनमध्ये तिथे नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, तो सगळा आम्हाला मिळाला.

तुपाची गोष्ट तर मी सगळ्यांना सांगते. आईंनी साजूक तुपाची बरणी बांधून ठेवली होती. बाहेरच्या देशातून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे सगळं घरीच ठेवायचं, हे तुम्ही वेळेवर सांगितलंत आणि उपायही दिलात: दुकानातून बिनमिठाचं लोणी आणा आणि कढवा. रविवारी दुकानं बंद असतात, पण मोठ्या स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं, हेही त्याच यादीत होतं. आम्ही उतरलो त्याच संध्याकाळी आईंनी परक्या गॅसवर लोणी कढवलं. मुगाची खिचडी, वर ते तूप, आणि प्यायला नळाचं पाणी. "नळाचंच प्या, आल्प्समधून येतं," असं तुम्ही बजावलं होतंत. 1873 पासून हे पाणी डोंगरातल्या झऱ्यांतून शहरात येतं म्हणे. असं गार, गोड पाणी मी फक्त आजोळच्या विहिरीचं प्यायले आहे.

बारीकसारीक गोष्टींतही तुमचं लक्ष किती! आठवड्याचा पास त्या वर्षी सोमवार ते सोमवार चालायचा, म्हणून शक्यतो सोमवारीच पोहोचा. विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर आहे, त्याचं तिकीट वेगळं काढा. स्टेशनात अडवणारं फाटक नाही, पण साधं तिकीट निळ्या पेटीत घालून शिक्का उमटवून घ्या. ट्रॅमच्या फलकावर व्हीलचेअरचं चिन्ह असेल तीच ट्रॅम आईंसाठी, कारण जुन्या गाड्यांच्या पायऱ्या उंच. स्टेफान्सडोम या मोठ्या चर्चच्या दक्षिण मनोऱ्याला 343 पायऱ्या आहेत, तिथे मुलांना पाठवा. उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि प्रचंड घंटाही तिथेच आहे, तिथे आईंना न्या. आम्ही तसंच केलं. दोन मनोऱ्यांवरून आजी आणि नातवंडं एकमेकांना हात करत होती, दिसत काही नसावं, पण दोन्हीकडून हात हलत होते.

30 मेचा गुरुवार मात्र माझ्यासाठी सगळ्यात मोठा. त्या दिवशी कॉर्पस क्रिस्टी या ख्रिस्ती सणाची सुटी, बाजार बंद. तुम्ही आधीच लिहून ठेवलं होतंत की गुरुवारी कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम हे कलासंग्रहालय रात्री नऊपर्यंत उघडं असतं, एकोणीस वर्षांखाली तिकीट नाही, आणि अख्खं म्युझियम बघायच्या फंदात पडू नका. "ब्रूगेल या चित्रकाराच्या दालनात जा, 'मुलांचे खेळ' या चित्रासमोरच्या बाकावर आईंना बसवा आणि घाई करू नका." 1560 सालचं चित्र. एका चौकात दोनशेहून जास्त मुलं, कुणी बेडूकउड्या मारतंय, कुणी चाकाचं कडं पळवतंय, कुणी भोवरा फिरवतंय, कुणाच्या डोळ्यांवरून टोपडं ओढून आंधळी कोशिंबीर चाललीय. मुलं ओळखीचे खेळ मोजत बसली. आई उठून अगदी जवळ गेल्या, चष्मा वर-खाली केला आणि डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात बोट दाखवून म्हणाल्या, "अगं, या तर सागरगोटे खेळताहेत!" खरंच होतं. दोघीजणी बसल्या आहेत, हाडाचे गोटे मांडून. मग पाऊण तास त्या लेकीला सागरगोट्यांचे डाव समजावत होत्या, एकी, दुक्की, हाताच्या मागच्या बाजूवर झेलणं, सगळं रिकाम्या हातांनी. म्युझियमच्या नकाशात असलं काही छापलेलं नसतं ताई. आई काय बघू शकतील याचा विचार तुम्ही केला होता.

हॉलस्टाट या तळ्याकाठच्या गावासाठी मुलं हट्ट धरून बसली होती. जायला साडेतीन तास, यायला साडेतीन, शेवटी होडी, हे सांगून तुम्हीच त्यांची समजूत काढलीत, व्हिडिओ कॉलवर, अगदी बरोबरीच्या माणसांशी बोलावं तशी. त्याऐवजी 38ए बसने काहलेनबर्गच्या टेकडीवर गेलो. बस थेट वरपर्यंत जाते. खाली द्राक्षांचे मळे, पुढे डॅन्यूब, आणि आई आमच्याइतक्याच ताज्यातवान्या. त्या बदलाबद्दल मुलांनी एकदाही कुरकुर केली नाही.

आणि 7 जून. लवकर जाऊन बागेतल्या टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानदार वास्तूकडे चढणाऱ्या उतारावर जागा धरली होती, समोर राजवाडा, त्याच्या पुढ्यात रंगमंच, आंद्रिस नेल्सन्स यांचं संचालन. पाश्चात्त्य संगीत आमच्या घरात कुणी कधी ऐकलेलं नाही. आईंचा उजवा हात मात्र मांडीवर चालला होता, पट्ट्या शोधल्यासारखा. शेवटी स्ट्राउसचं 'वीनर ब्लुट' हे वॉल्ट्झ सुरू झालं तेव्हा त्या यांच्या कानाशी लागून म्हणाल्या, "हा ठेका मला वाजवता येईल." आता इथे घरी रोज संध्याकाळी पेटीवर त्यांचा तोच प्रयत्न चाललेला असतो, आणि बराच जमलाही आहे.

तुमची नोकरी, तुमचा संसार, त्यातून तुम्ही आमच्यासाठी इतके महिने वेळ काढलात. एकदा तुमच्या घरी जेवायला बोलावलंत, त्या वेळी कळलं की तुमच्या आईंना व्हिएन्ना दाखवायचं तुमच्याकडून राहून गेलं. त्यावर तिथे मला काही बोलता आलं नाही, इथे लिहिते: आमच्या आईंना तुम्ही लेकीसारखं शहर दाखवलंत. त्या तुमचं नाव रोज काढतात.

तुमची ती यादी मी टाईप करून ठेवली आहे. आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब आजोबांना घेऊन पुढच्या मे महिन्यात निघालं आहे, त्यांना देऊ का, तेवढं कळवा. आणि दिवाळीत माहेरी याल तेव्हा दोन दिवस नाशिकला काढाच. आमच्या घराला लिफ्ट नाही, पण तळमजला आहे. तूप आईंनी आत्ताच बाजूला काढून ठेवलं आहे.

तुमचीच,
नाशिकची मैत्रीण