सूचना : शनिवारची पालक भेट, मुलांच्या वाचनाबद्दल

सर्व पालकांना नमस्कार.

येत्या शनिवारी सकाळी साडेदहापासून बाई दुसरी-तिसरीच्या प्रत्येक पालकाशी मुलाच्या वाचनाबद्दल स्वतंत्र बोलणार आहेत. एकेकाला दहाच मिनिटं मिळतील, तेव्हा कृपया तयारी करून या.

त्याआधी एका संध्याकाळी बालभारतीतला अजून न शिकवलेला एखादा उतारा मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. मध्ये टोकू नका. अडेल तिथे पेन्सिलीने बारीक खूण करा. जोडाक्षराला थांबतो, रफार गाळतो, की ‘होडकं’ला पहिलं अक्षर बघून ‘होडी’ म्हणून पुढे जातो? या खुणांचं पान बाईंना दाखवा, प्रगतिपुस्तकापेक्षा ते जास्त सांगेल. मग विचारा, काय वाचलंस? मालवणीत सांगितलं तरी चालेल, अर्थ कळला हे महत्त्वाचं. भरभर वाचूनही काही सांगता येत नसेल, तर ते आवर्जून बोला.

लहान मुलांना वाचन-गणित नीट यावं यासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणं अपेक्षित आहे. मुलाला घड्याळ लावून दमवू मात्र नका, आणि शेजारच्या मुलाशी तुलना तर मुळीच नको. पुस्तक डोळ्यांजवळ धरत असेल तर तेही सांगा.

घरी रोज काय वाचून घ्यायचं, हे विचारल्याशिवाय उठू नका.

सकाळी बंदरावर लिलावाला जाणाऱ्यांना दुपारची वेळ मिळेल. आजी-आजोबा आले तरी चालेल. वेळ बदलून हवी असल्यास गुरुवारपर्यंत ग्रुपवर कळवा.